काडतुसाचं तोंड

आमच्या घरात दोन बंदुका होत्या. वडिलांची ठासणीची आणि थोरल्या काकांची दोन नळ्यांची बारा बोअर. दोन्ही शेतीच्या राखणीच्या परवान्यावरच्या. तळकोकणात डोंगराला लागून ज्याची शेती, त्याच्या घरी तेव्हा बंदूक असणं म्हणजे नांगर असण्यासारखंच होतं. भात दुधात आलं की डुकरांचा कळप उतरायचा. एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जायचा. खायचं थोडं, तुडवायचं जास्त.

वडिलांची बंदूक साधी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर नारळाच्या सोडणाचा काथ्या, मग छर्रे, वर पुन्हा काथ्या. प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. मला ते एकच सांगायचे, "दारू आनि काथ्याच्या मधी वारो ऱ्हवता नये." मध्ये पोकळी राहिली तर बार पुढे जायच्या आधी नळीवरच जोर येतो, नळी फुगते, कधी फुटते. गजावर त्यांनी सुरीने खूण केली होती. भरलेल्या बंदुकीत गज घातला की खूण कुठे येते, ते बघूनच पुढचं काम. भरलेल्यावर परत भरणारे लोक पंचक्रोशीत होते. त्यातल्या एकाची दोन बोटं गेलेली मी बघितली आहेत.

काका मिलटरीतनं निवृत्त होऊन आलेले. त्यांच्या बंदुकीला काडतूस लागायचं. विकतचं काडतूस महाग, म्हणून वाजलेली पुठ्ठ्याची काडतुसं ते जपून ठेवायचे आणि परत भरायचे. घरी असं भरायलाही वेगळा परवाना लागतो हे मला फार उशिरा कळलं. आज कुणी करू नये, मीही करायला सांगत नाही. पण तेव्हा ओटीवर ते काम पापड लाटावेत तसं चालायचं.

त्यांच्याकडे एक जुनं हातयंत्र होतं. शेवयांच्या यंत्रासारखं टेबलाच्या कडेला आवळायचं आणि मूठ फिरवायची. दारू, बूच, छर्रे भरून वर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवली की काडतूस त्यात धरायचं. मूठ फिरली की काडतुसाची वरची कड आत वळायची आणि चकती घट्ट बसायची. हे तोंड वळवायचं काम माझं. मी १९७७ साली दहावी झालो होतो. पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून घरीच.

एकदा मी विचारलं, "काका, चकती तशीच घट्ट बसता. मगे वळवक् कित्याक होया?"

ते म्हणाले, "काळी दारू उघड्यारही भडकता. ही काडतुसातली दारू कोंडल्याशिवाय नीट पेटत नाय. तोंड घट्ट तर जोर धरता. ढिला तर अर्धी जळता, अर्धी तशीच." मग दुसरं कारण सांगितलं. दोन नळ्यांच्या बंदुकीत एक बार काढला की हिसक्याने दुसऱ्या नळीतलं काडतूसही हलतं. तोंड वळवलेलं नसेल तर चकती सरकते, छर्रे सुटे होतात. खिशात दहा ठिकाणी वागवलेल्या काडतुसाचंही तेच. जास्त जोरात वळवलं तर मात्र पुठ्ठा फुगतो आणि काडतूस नळीत बसतच नाही. पापडाच्या लाटीसारखं, हाताला कळायला लागतं.

१९७८ च्या नवरात्रात आम्ही कंदिलाच्या उजेडात वीस काडतुसं भरली. शेवटच्या चारांची तोंडं फार वेळा वापरून पिंजलेली होती. मूठ फिरवली की कड वळायच्या ऐवजी चिरफळायची. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी ती फेकून दिली असती आणि मला वाटलं, चार काडतुसं म्हणजे केवढे पैसे! मी गुपचूप मेणबत्ती पेटवली, चकतीवर कडेने मेण ओघळवलं आणि ती बाकीच्यांत मिसळून ठेवली. काकांनी विचारलं, "सगळी वळवलंस मां?" मी म्हटलं, "व्हय."

दोन रात्रींनी आम्ही माळ्यावर बसलो होतो. वनखात्याची परवानगी त्यांच्या खिशात होती. पहाटेच्या सुमारास व्हाळाच्या बाजूने भात सळसळलं. काकांनी उजव्या नळीचा बार काढला. मोठा आवाज झाला, धूर, पळापळ. एक डुक्कर आमच्याच बांधाकडे वळलं. त्यांनी डावा चाप ओढला. नुसता 'फुस्स' असा आवाज आला, ओल्या फटाक्यासारखा.

मी घाईने दोन नवी काडतुसं पुढे केली. काकांनी माझा हात धरला. "थांब!" नळी समोर शेताकडे धरून ते बराच वेळ तसेच बसले. डुकरं बांध ओलांडून गेली. मग त्यांनी बंदूक मोडली, काडतुसं काढली आणि मला कंदील नळीच्या दुसऱ्या तोंडाशी धरायला सांगितला. उजव्या नळीतून उजेड दिसला. डावीत अंधार होता. बूच मध्येच अडकून बसलं होतं.

त्या अंधारावर दुसरा बार काढला असता तर नळी काकांच्या डाव्या हातात फुटली असती. मी शेजारीच होतो.

त्यांनी रिकामं काडतूस हातात फिरवलं, कडेला लागलेलं मेण नखाने खरवडलं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "अशी किती?"

"चार."

घरी येऊन त्यांनी उरलेल्या सगळ्या काडतुसांच्या तोंडांवरून एकेक करून अंगठा फिरवला. तीन बाजूला काढली. मग म्हणाले, "फाटक्या काडतुसाचा माका काय वाटूक नाय. तू व्हय म्हटलंस, त्याचा वाटला." त्या वर्षी आमचा तो कुणगा निम्मा गेला. काकांनी वडिलांना कारण सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आज लिहितोय.

काका गेल्यावर परवाना कुणाच्या नावावर झाला नाही, बंदूक सरकारजमा झाली. वडिलांची ठासणीची अजून आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, झाली की आणायची. डुकरं तेव्हापेक्षा जास्त झाली आहेत. आमच्या वाडीतल्या कितीतरी जणांनी डोंगराकडची जमीन पड टाकली. मी अजून करतो.

ते यंत्र माळ्यावर आहे. गंजलंय, पण मूठ फिरते. बियाण्याच्या पोत्याची तोंडं शिवून झाली की मी अजूनही प्रत्येकावरून अंगठा फिरवतो. नातू हसतो. "आजोबा, शिवलंय ना!" म्हणतो. तरी मी फिरवतो.