बेल वाजवून थांबणारा

"मॅडम, हँग झालं."

प्रोग्रॅमातले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या कार्यशाळेत दुसऱ्या तासाला हे वाक्य येणार, हे आता मला पाठ आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या चेंबूरमधल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये ते मागच्या रांगेतून आलं. जाऊन बघितलं तर काळ्या टर्मिनलवर 'वेटिंग फॉर ईमॅक्स', पुढे तीन टिंबं आणि खाली नुसता कर्सर. मुलाने एकदा कंट्रोल-सी मारून तीच आज्ञा पुन्हा दिली होती आणि आता दुसऱ्यांदा मारायच्या बेतात होता. म्हटलं, आधी तो ब्राउझर खाली घे. ब्राउझरमागे ईमॅक्स या एडिटरची खिडकी होती आणि तिच्यात कमिटचा, म्हणजे बदलांच्या नोंदीचा, संदेश लिहायची फाइल उघडून ठेवलेली होती. हँग काही झालं नव्हतं. टर्मिनल त्याच्यासाठी थांबलं होतं.

शेजारच्या मुलीचं दुखणं नेमकं उलटं. ती व्हीएस कोड हा एडिटर वापरत होती. तिने कमिटची आज्ञा दिली, फाइल उघडली, आणि त्याच क्षणी टर्मिनलने कळवून टाकलं की संदेश रिकामा आहे, कमिट रद्द. "अहो मॅडम, मी अजून कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही!"

दोघांनी केलं होतं एकच: आधीपासून चालू असलेल्या एडिटरला टर्मिनलमधून हाक मारली होती. (एडिटर म्हणजे इथे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. या अंकाच्या संपादकांनी माझ्या लेखाची किती वाट पाहिली, तो वेगळा विषय.) पंचवीस वर्षं सर्व्हर सांभाळल्यावर माझं मत असं झालंय की चालू एडिटरमध्ये फाइल उघडणं ही यातली किरकोळ गोष्ट. हाक मारणाऱ्याने दारात थांबायचं की निघून जायचं, इथे सगळी गोची आहे.

आमच्या सोसायटीत कुरिअरवाला आला की वॉचमन त्याला वर सोडत नाही. इंटरकॉमवर मला सांगतो, "मॅडम, पार्सल आहे, सही लागेल," आणि मी खाली येईपर्यंत त्याला गेटपाशी उभा करतो. ईमॅक्सक्लायंट नावाचा चिमुकला प्रोग्रॅम हेच करतो. गिट म्हणजे सहीवाला कुरिअर, ईमॅक्सक्लायंट वॉचमन, आणि वर घरात दिवे लावून बसलेला ईमॅक्स म्हणजे मी. लिहून झालं की कंट्रोल-एक्स आणि मग # दाबायचं; ती झाली सही. मग वॉचमन कुरिअरला सोडतो. सही नको असेल तर क्लायंटला 'नो-वेट' असं सांगायचं; तो फाइल आत पोचवून लगेच मोकळा होतो. व्हीएस कोडमध्ये रीत उलटी: तो आपणहून थांबतच नाही, त्याला 'वेट' असं बजावून सांगावं लागतं. त्या मुलीच्या गिटला हे कुणी सांगितलं नव्हतं. एडिटर परतला म्हणजे लिहून झालं, असं समजून गिटने फाइल वाचली आणि कोरी पाहून कमिट रद्द केलं. सेटिंगमध्ये तो एक शब्द घातला आणि तिचं काम झालं.

ही युक्ती मुळात आळसातून आली. पहिला ईमॅक्स 1976 सालचा, एमआयटीतला. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स 1985चा. तो जड होता. 'आठ मेगाबाइट खातो आणि सतत अदलाबदल करत बसतो' असा त्याच्या नावाचा विस्तार लोक करायचे. मी शिकले तेव्हा लॅबमधल्या मशीनवर तो उघडेपर्यंत टपरीवरचा चहा येऊन थंड व्हायचा. मग एकदा उघडल्यावर बंद कशाला करायचा? सकाळी चालू करा आणि दिवसभर त्याच्याकडेच फाइली पाठवा. आज मशीनं वेगवान झाली, तो चहाचा वेळ उरला नाही, पण सवय राहिली, कारण चालू एडिटरमध्ये माझं अर्धं डोकं असतं: उघड्या फाइली, अर्धवट शोध, कालचं कापून ठेवलेलं वाक्य.

या तऱ्हेने एडिटरातच बिऱ्हाड थाटणारी मंडळी आमच्या भागात आहेत. चेंबूरहून ट्रॉम्बेच्या दिशेने निघालं की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं. तिथल्या ग्नोलेज लॅबमध्ये नागार्जुन जी. यांच्या गटाने 'ग्नोसिस' ही ज्ञानाचं जाळं विणणारी प्रणाली केली, ती ग्नू प्रकल्पात गेली, आणि साध्या मजकुरात लिहिता लिहिता ते जाळं विणता यावं म्हणून ईमॅक्सच्या आत तिचा एक मोडही लिहिला. अशी माणसं संध्याकाळी एडिटर बंद करून घरी जात नाहीत.

आता जरा आत डोकावू. ईमॅक्समध्ये 'सर्व्हर-स्टार्ट' म्हटलं की तो एक सॉकेट उघडतो. युनिक्समध्ये हे सॉकेट दिसायला फाइलीसारखं असतं, डिरेक्टरीत बसतं, पण आत मजकूर साठत नाही. ते दोन प्रोग्रॅमांना जोडणारं भोक आहे. क्लायंट त्यातून साध्या अक्षरांत निरोप घालतो. आधी डिरेक्टरी, मग फाइलीचं नाव. डिरेक्टरी का? कारण टर्मिनल एका ठिकाणी उभं आणि एडिटर भलतीकडे. 'इथली ती फाइल' म्हणून भागत नाही. आमच्याकडे पत्ता सांगणारा माणूस "नाक्यावरून या" इथून सुरुवात करतो, तसंच हे. नावात मोकळी जागा असेल तर ती &_ अशी जाते, नाहीतर निरोपाचे तुकडे पडतील. सॉकेटची डिरेक्टरी फक्त मालकालाच उघडता येते, आणि तसंच हवं. कारण या भोकातून फाइलच काय, कुठलाही लिस्प कोड आत पाठवून तुमच्या नावाने चालवता येतो.

विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांकडेही हे आहे, 'रिमोट' नावाने. पण ब्राम मोलेनार यांच्या विममध्ये युनिक्सवर हा निरोप एक्स या खिडक्यांच्या व्यवस्थेमार्फत जायचा, त्यामुळे नुसत्या टर्मिनलवरच्या सर्व्हरवर तो फारसा कामाचा नव्हता. निओविमने स्वतःचं सॉकेट घेतलं आणि ती कटकट मिटवली.

चालू एडिटरला हाक न मारल्यामुळे एका ग्राहकाकडे मी तोंडावर पडले होते. रात्री साडेअकरा. सेटिंगची एक फाइल दुपारपासून एका विममध्ये उघडी होती, हे मी विसरले आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये तीच फाइल नव्या विममध्ये उघडली. विमने ई325 म्हणून लाल अक्षरांत ओरडून सांगितलं की बाबा, हिची स्वॅप फाइल आधीच आहे, कुणीतरी हिच्यावर बसलंय. मी 'तरी उघड' म्हटलं, बारा ओळी बदलल्या, जतन केल्या. मग जुन्या खिडकीत परत आले. तिथे 'फाइल बाहेरून बदलली आहे' हा इशारा आला, तोही झोपेत होकार देऊन उडवला आणि दुपारची प्रत वर लिहून टाकली. बाराच्या बारा ओळी गेल्या. दोन एडिटर नेमका हा प्रसंग टाळण्यासाठी भांडत होते आणि मी दोघांनाही गप्प केलं. तेव्हापासून माझ्या मशीनवर सगळ्या वाटा एकाच चालू एडिटरकडे जातात. फाइल आधीच उघडी असेल तर हाक मारल्यावर तीच समोर येते, दुसरी प्रत निघतच नाही.

2009च्या ईमॅक्स 23ने यात मोठी भर घातली. कारोय लोरेंतेई यांच्या कामामुळे एकाच ईमॅक्सला एकाच वेळी खिडकी आणि कितीही टर्मिनलं जोडता येऊ लागली; त्याच आवृत्तीत पडद्याआड डीमन म्हणून तो कुठलीही खिडकी न उघडता चालू लागला. याची किंमत जुलैत कळते. चुनाभट्टीला रुळांवर पाणी, हार्बर लाइन ठप्प, मी घरून कामाला. दूरच्या सर्व्हरशी जोडणी दर अर्ध्या तासाने तुटते. पूर्वी अशा वेळी हातचं जायचं. आता ईमॅक्स तिकडे चालूच असतो. मी परत आत शिरते, टर्मिनलसाठीचा पर्याय देऊन क्लायंटला हाक मारते आणि कर्सर जिथे होता तिथेच लुकलुकत असतो, अर्ध्या शब्दावर.

गेल्या महिन्यात सोसायटीत मीटर बदलायचं काम निघालं, दुपारभर वीज जाणार होती. घरचं मशीन बंद करायला गेले. ईमॅक्सला विचारलं, किती दिवस झाले? एक्केचाळीस. बंद हो म्हटलं तर त्याने अडवलं: अजून क्लायंट जोडलेले आहेत, तरी जायचं? शोधलं. पाचव्या पडद्यावर एका टर्मिनलमध्ये 'वेटिंग फॉर ईमॅक्स' आणि तीन टिंबं. पाच आठवड्यांपूर्वी सुरू केलेलं एक कमिट गेटपाशी सहीसाठी उभं होतं. संदेशात मी लिहून ठेवलं होतं: 'किरकोळ दुरु'.