ओझेवाल्याला वाट

एखाद्या शहराची संस्कृती पाहायची तर तिथली नाट्यगृहे आणि ग्रंथालये पाहावीत, असे जाणकार म्हणतात. ते खरे असेलही. मला मात्र वाटते, संध्याकाळी सात वाजता भाईंदर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर पाच मिनिटे उभे राहावे. (उभे राहता आले तर!) चर्चगेटहून आलेली लोकल रिकामी होते आणि माणसांचा लोंढा बाहेर पडतो. कोण कोणाला वाट देतो आणि कोण कोपराने वाट काढतो, ते तिथे लख्ख दिसते.

२००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाखांच्या वर गेली. माणसे वाढली, पण फुटपाथ काही रबरासारखा ताणता येत नाही. मग आहे त्या जागेत चालायचे कसे?

याचे उत्तर मला माझ्या आजोबांकडे सापडले. ते भाईंदरच्या मिठागरात कामाला होते. ज्यांनी मिठागर पाहिले नसेल त्यांना सांगते: खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत अडवून उन्हात आटवतात. वाफ्यांच्या मधून मातीचे अरुंद बांध जातात. त्या बांधांवरून मिठाने भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन माणसे राशीकडे जात आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतत. समोरासमोर आल्यावर नियम एकच. रिकाम्याने बाजूला व्हायचे, ओझेवाल्याने सरळ जायचे. “मुकादम समोरून आला तरी तोच बाजूला व्हायचा,” असे आजोबा सांगतात. कारण साधे आहे. डोक्यावर भार असलेल्याला मान वळवता येत नाही, पायाखालचे दिसत नाही, आणि एकदा टोपली खाली ठेवली तर पुन्हा उचलून द्यायला दुसरा माणूस लागतो.

शहरात ओझे डोक्यावर दिसत नाही एवढाच फरक. कोणाच्या खांद्यावर झोपलेले मूल असते, कोणाचे गुडघे दुखत असतात, कोणी रात्रपाळी करून आलेला असतो. ते ओझे ओळखणे हीच फुटपाथवरची सभ्यता, असे मला वाटते.

आता घरचेच सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी फुटपाथवरच्या मेथी-पालकातून येते. माझी आई तिथे बसून भाजी विकते. त्यामुळे “फुटपाथ मोकळे झालेच पाहिजेत!” असे वर्गात कोणी तावातावाने म्हणाले, की मी वहीत डोके घालते. कारण त्याचे म्हणणे खोटे नाही. पदपथावर चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट रुंदी मोकळी हवी, असे इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. आईचे गोणपाट त्यातले तीन फूट खाते.

राज्यशास्त्र शिकताना एक गंमत कळली. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उपजीविका हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि त्याच निकालात हेही म्हटले, की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतात. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हाही कलम २१ मधलाच हक्क ठरवला. म्हणजे एकाच कलमात माझी आईही आहे आणि तिच्या भाजीला वळसा घालून काठी टेकीत जाणारे म्हातारबाबाही! फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येकाला ठरलेली जागा मिळाली तर दोघांचीही सोय होईल.

तोवर आई आपल्यापुरता मार्ग काढते. गाडीची गर्दी आली, की ती गोणपाटाची पुढची कड दुमडते आणि जुड्या मांडीजवळ ओढून घेते. गिऱ्हाईक समोर असले तरीही. “उभ्याने आलेली माणसं ती, दमलेली असतात,” एवढेच म्हणते. आजोबांचा बांधावरचा नियम तिला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

वाट अडली तर काय होते, ते मुंबईने २९ सप्टेंबर २०१७ रोजी पाहिले. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसामुळे माणसे थांबून राहिली, मागून येणारी वाढतच गेली, आणि त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. अरुंद पुलाचा दोष चालणाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. पण जिन्याच्या तोंडाशी थांबू नये एवढे तर आपल्या हातात आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याजवळ ओझे ते काय? दोन वह्या आणि एक मोबाईल! त्या बांधावर आपण सगळे रिकाम्या टोपलीवाले ठरलो असतो. तेव्हा कॉलेज सुटल्यावर चौघाचौघांची भिंत करून चालू नये, मोबाईल पाहायचाच तर कडेला व्हावे, छत्री उघडताना शेजारच्याचा डोळा सांभाळावा. आणि भाजी घेताना भाव जरूर करावा, पण गर्दीकडे पाठ करून नव्हे. गोणपाटाच्या एका अंगाला सरून.