कडा आणि तळ

हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलच्या बिटांशेजारी हल्ली एक नाजूक वस्तू टांगलेली दिसते. वीतभर दांडा, वरचं टोक षटकोनी, खाली प्लास्टिकची वळणदार पाती. ड्रिलच्या चकमध्ये आवळली की पाव-अर्धा लिटर रंग किंवा रेझिन ढवळायला तयार. जन्मभर भिंतींना भोकं पाडत आलेल्या यंत्राला उतारवयात रवीची नोकरी मिळावी, तसा हा प्रकार.

रंगाच्या बाबतीत गरज उघड असते. महिनोन्‌महिने कोनाड्यात राहिलेला डबा उघडावा, तर वर पातळ पाणी किंवा तेल आणि तळाशी घट्ट बसलेला गाळ. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड, ते खाली बसणारच. रंगारी म्हणूनच काठीनं आधी तळ खरवडतो, मग ढवळतो.

रेझिनचं दुखणं वेगळं. लग्नातली वरमाला वाळवून इपॉक्सी रेझिनमध्ये जपायची पद्धत आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. त्या कामात काट्यावर तोलून एका कपात रेझिन घेतात, त्यावर ते घट्ट करणारा हार्डनर. दोन्ही पाण्यासारखी नितळ, त्यामुळे मिसळली की नाही हे चटकन कळत नाही. कप उजेडासमोर धरला की आत केसासारख्या रेघा हलताना दिसतात, भर उन्हात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तशा. त्या सगळ्या विरेपर्यंत काम संपलेलं नसतं. कुठे कमी मिसळलं गेलं, तर तेवढा ठिपका चिकटच राहतो. वरून जास्त हार्डनर घालून तो सुधारत नाही, कारण प्रमाण बिघडलं की सगळंच बिघडतं.

मग ड्रिल जोरात फिरवावं का? तेच नको. वेग वाढला की मधे भोवरा पडतो आणि हवा आत ओढली जाते. रंगातले बुडबुडे बरेचसे फुटून जातात. दाट रेझिनमधले मात्र पाकळ्यांच्या आड कायमचे मुक्कामाला राहतात. पातं आधी बुडवावं, मग हलकेच बटण दाबावं. आणि पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढावं, नाहीतर शर्टावर नक्षी ठरलेली. फार रेंगाळूनही चालत नाही. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते, कपात ती कोंडते, त्या उष्णतेनं क्रिया आणखी वेग घेते. ढीग जेवढा मोठा तेवढा ताप जास्त. कधी धूर निघतो, कप मऊ पडतो. तेच मिश्रण ताटात पसरलं की ताप उतरतो. थोडं थोडं कालवण्यामागचं शहाणपण हेच.

दाट द्रव गोल फिरले म्हणजे मिसळले असं नाही. केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी १९६०च्या दशकात एका शैक्षणिक चित्रपटात हे करून दाखवलं. एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांमध्ये ग्लिसरीन, त्यात रंगाचा ठिपका. आतलं नळकांडं फिरवलं तसा ठिपका पसरून दिसेनासा झाला. तेवढेच फेरे उलटे दिल्यावर तो जवळजवळ जसाच्या तसा परत आला. नुसत्या ताणण्यानं मिश्रण होत नाही, घडी पडावी लागते. एका जागी धरलेलं पातं कपाच्या मध्यावर स्वतःपुरतं गरगरत राहतं. भिंतीला चिकटलेला थर त्या गावचाच नसतो.

म्हणून सराईत हात ड्रिल वरखाली नेतो, कडेनं फिरवतो, मधेच थांबून काडीनं भिंत आणि तळ निपटून घेतो. शेवटी सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा थोडं ढवळतो, म्हणजे पहिल्या कपाच्या कोपऱ्यात दडलेला हार्डनर तिथेच राहतो. काडीनं ढवळताना मनगट दुखू लागलं की माणूस ‘झालं’ म्हणायचा, आणि ते बहुधा खोटं असायचं. ड्रिल दुखत नाही, तेव्हा ती सबबही गेली. मधल्या भागाचं काम वीज करते. कडा आणि तळ अजून माणसाच्याच वाट्याला आहेत.