बेडकाच्या पोटातलं पाणी

काचेच्या टाकीत पाळलेला बेडूक फुगला की घरची मंडळी म्हणतात, फार खाल्लं असेल. गोंदियात पारा 45 अंशांकडे सरकू लागला की असे रुग्ण माझ्याकडे येतात. बहुतेक झेनोपस, म्हणजे आफ्रिकेतले नखवाले बेडूक. जन्मभर पाण्यातच राहणारे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्याच्या कातडीतून आत येतं. गोड्या पाण्यापेक्षा त्याच्या रक्तात क्षार जास्त, म्हणून पाणी अखंड आत शिरतं आणि मूत्रपिंडं ते पातळ लघवीवाटे अखंड बाहेर टाकतात. कातडीखाली लसीकेच्या ऐसपैस पिशव्या असतात; त्यांतला द्रव रक्तात परत ढकलायला बेडकाला वेगळी लसीका-हृदयं असतात. मूत्रपिंड, यकृत, कातडी, लसीका-हृदय, यांपैकी काहीही ढासळलं की पाणी आतच तुंबतं. पुष्कळदा यामागे एरोमोनाससारखे जिवाणू असतात, आणि त्यांचं फावतं ते अमोनिया साठलेल्या, तापलेल्या पाण्यात. झेनोपसला 16 ते 22 अंशांचं पाणी मानवतं. आपल्या मे महिन्यात ते कुठून आणायचं? त्यामुळे बेडकाला हात लावण्याआधी मी टाकीतल्या पाण्याची चौकशी करतो.

अंड्यांवर आलेली मादीही फुगीर दिसते, पण ती चपळ असते आणि खाते. झेनोपसला जीभ नसते. तो घास पाण्यासकट आत ओढतो, त्यात तळाची बारीक खडी पोटात जाते आणि त्यानेही पोट फुगतं. ती एक्स-रेत दिसते. पाणी साठलेला बेडूक मात्र तरंगत राहतो, मांड्यासुद्धा सुजतात आणि अंधारात टॉर्च धरला तर पोटातून उजेड आरपार दिसतो.

अशा बेडकाला मी आधी वेगळ्या डब्यात, बेडकांसाठीच्या रिंगर द्रावणात ठेवतो. एक लिटर पाण्यात 6.6 ग्रॅम मीठ आणि पोटॅशियम, कॅल्शियम, सोड्याचे किंचित अंश. बाहेर क्षार वाढले की आत शिरणारं पाणी थोपतं आणि मूत्रपिंडांना उसंत मिळते. या द्रावणाचा जन्म बेडकामुळेच झाला. 1880च्या दशकात लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवत होते. शुद्ध पाण्यात मीठ घातलं तर ते मंदावे. आधीचं द्रावण मात्र चालत होतं, कारण ते चुकून नळाच्या पाण्यात केलं होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियमने हृदय चालत होतं. पुढे 1930च्या दशकात ॲलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं. आमगाव-देवरीच्या दवाखान्यात जुलाबाच्या रुग्णाला लावली जाणारी ‘आरएल’ची बाटली ती हीच. बेडकाचं हे ऋण मला फार मोठं वाटतं.

फार ताण असेल तर बारीक सुईने थोडं पाणी काढतो, वजन करून प्रतिजैविक देतो. घरी कोणीही सुई टोचू नये, माणसांच्या गोळ्याही चुरून घालू नयेत. मूत्रपिंडंच निकामी असतील तर पाणी पुन्हा भरतं. तेव्हा मी घरच्यांना ते स्पष्ट सांगतो.

एक विनंती कळकळीची आहे. कंटाळून किंवा दया येऊन हा बेडूक गावच्या बोडीत सोडू नका. झेनोपस कायट्रिड बुरशी अंगावर बाळगतो आणि स्वतः बहुधा आजारी पडत नाही. जगभरच्या कित्येक बेडूकजाती या बुरशीने संपल्या आहेत. नवेगावबांधपासून धानाच्या बांध्यांपर्यंत हा जिल्हा आपल्या देशी बेडकांचा आहे. ठेवणं जमत नसेल तर माझ्याकडे आणून द्या, आणि टाकीचं पाणी ब्लीचिंग पावडर घालून मगच, तलाव-नाल्यापासून दूर, ओता.