हनुवटीवरचा तीळ

कटंगी, जि. बालाघाट
रविवार, संध्याकाळ

लाडक्या छकुलीस,


काल तू वसतिगृहातून फोटो पाठवलास. आधी वाटलं, तुझ्या एखाद्या मैत्रिणीचा असेल. गाल दुधासारखे पांढरे, नाक बारीक, डोळे मोठाले. मग गळ्यातली मण्यांची माळ ओळखू आली, ती मीच इथल्या बाजारातून घेऊन दिलेली. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, तर हनुवटीवरचा तीळ नाही. मोबाइलच्या फिल्टरनं तुझा रंग उजळला आणि त्याच झटक्यात तीळही पुसला. तो तीळ तुझ्या आजीचा आहे, बाळा. तुझ्या आईला मिळाला नाही, मला मिळाला नाही, थेट तुझ्या हनुवटीवर उतरला. रात्री मला झोप लागली नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले.

हे फोटोपासून सुरू झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात मामाच्या हळदीला मांडवात बाया बसल्या होत्या, तू पाण्याचे ग्लास भरत होतीस. त्यातली एक आजीबाई तुझ्याकडे बघून म्हणाली, "पोरगी काळी आहे, तरी नाकीडोळी नीटस आहे हो." मायेनंच म्हणाली ती. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तिथंच चहा वाटत होते आणि मी गप्प राहिले. थोड्या वेळानं सगळ्यांचा फोटो निघाला, तेव्हा तू मांडवामागे उष्ट्या पत्रावळी गोळा करत होतीस. कुणी सांगितलं नव्हतं तुला ते काम. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ती चूक माझी.

त्या वाक्यातल्या "काळी" या शब्दाचा मला राग नाही. काळी आपली माती, काळी आपली पाटी. राग आहे तो त्या "तरी"चा. काळी आहे तरी हुशार आहे. काळी आहे तरी वळण चांगलं आहे. काळी होती तरी बरं स्थळ मिळालं. हा "तरी" मुलीच्या प्रत्येक गुणाला भरपाई बनवून टाकतो. जणू ती जन्माला येतानाच काही देणं लागते आणि हुशारीनं, कामानं, नम्रपणानं ते फेडत राहायचं आहे. तू पत्रावळी उचलत होतीस, ते फेडणंच होतं.

रंगाची ही प्रतवारी आली कुठून, ते तुला कळण्याएवढी तू मोठी झालीस. सावलीत बसणाऱ्यांनी उन्हात राबणाऱ्यांना लावलेलं हे माप आहे, आणि त्याच्या आत जात दडलेली आहे. आपल्या घरच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या आषाढात धानाच्या बांधीत वाकून रोवणी करत आल्या. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या जिल्ह्याला अभिमान वाटला. तो धान रोवणारे हात सावळेच आहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे १०२१ स्त्रिया निघाल्या, साऱ्या मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. आपण मुली जगवतो, याचं मला फार समाधान आहे. पण जगवलेल्या मुलीला आरशासमोर मान खाली घालायला लावत असू, तर आपलं काम अर्धंच झालं.

आणि हे दुखणं एकट्या आपल्याच मांडवातलं नाही. अमेरिकेत १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय जोडप्यानं लहान लहान काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या, काही गोऱ्या, काही काळ्या. चांगली कोणती, विचारलं. बहुतेकांनी गोरीकडे बोट दाखवलं. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडायला लागली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालात या अभ्यासाचाही दाखला होता. तिथल्या काळ्या लोकांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे बरं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या माणसांना अर्पण केली. २०१५ साली तिथलीच मार्ली डायस नावाची मुलगी, तेव्हा तुझ्याहूनही लहान, शाळेतली पुस्तकं वाचून कंटाळली, कारण गोष्टीतला नायक दरवेळी गोरा मुलगा. काळी मुलगी नायिका असलेली १००० पुस्तकं गोळा करायची, असं तिनं ठरवलं आणि त्याहून कितीतरी जास्त जमवली. कुणी तिला "तू सुंदर आहेस" म्हणावं, याची वाट ती बघत बसली नाही.

मीही या पत्रात तुला सुंदर म्हणणार नाही. म्हटलं तर तू मनात म्हणशील, मावशी आहे, ती म्हणणारच. त्याऐवजी मी तुला एक वही पाठवते आहे.

आपल्याकडच्या बायांनी वह्यांचं काय केलं, ते ऐक. फलटणच्या बेबीताई कांबळे किराण्याच्या छोट्या दुकानात बसत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून त्यांचं वाचन झालं. मग तिथंच बसून, घरच्यांपासून लपवून, त्या लिहीत राहिल्या. कित्येक वर्षं कुणालाच पत्ता नव्हता. त्या कागदांचं १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आणि तू राहतेस त्याच नागपूरच्या कुमुद पावडे: ज्या भाषेचा एक शब्दही आपल्या जातीच्या कानावर पडू नये असं शतकानुशतकं सांगितलं गेलं, ती संस्कृत त्या शिकल्या, तिच्या प्राध्यापक झाल्या आणि ते सगळं त्यांनी 'अंतःस्फोट'मध्ये लिहून ठेवलं. वसतिगृहाच्या ग्रंथालयात नसेल तर बाईंना मागवायला सांग.

पण माझ्या मनात सगळ्यांत आधी येते ती मुक्ता साळवे. मांग समाजातली, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेली, जेमतेम १४ वर्षांची. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय' नियतकालिकात दोन भागांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल लिहिले, आपला धर्म तरी कोणता, असं थेट देवालाच विचारलं. चौदा वर्षांच्या मुलीनं! तिचा चेहरा कसा होता, रंग कसा होता, हे मला माहीत नाही आणि कधी विचारावंसंही वाटलं नाही. तिचं वाक्य माझ्यासमोर आहे, तेवढ्यानं ती मला दिसते.

चेहराच बघायचा तर स्मिता पाटीलचा बघ. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी सावळी मुलगी, पुढे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली अभिनेत्री. सुट्टीत आलीस की तिचा 'उंबरठा' हा सिनेमा आपण दोघी मिळून बघू.

आता माझी गोष्ट. तुझ्या वयाची असताना बाबांच्या धानाच्या हिशेबाची वही मला सापडली, मागची बरीच पानं कोरी. त्यावर मी पेन्सिलीनं लिहायचे. परवा पेटी आवरताना ती वही निघाली. एका पानावर आहे: "आज रोवणी. पऱ्हे कमी पडले. मी आणि आईने तिसरी बांधी दुपारपर्यंत केली. आई म्हणाली, हात चांगला चालतो." आणखी एका पानावर शाळेत कुणी मला काय चिडवलं ते लिहिलंय, खाली जोरानं रेघ मारलेली, कागद फाटेल इतकी. चिडवणाऱ्याचं नाव आज मला आठवतही नाही. आईचं वाक्य मात्र त्या पानामुळे माझ्याजवळ राहिलं. लोक बोलतात ते आपोआप साठतं गं, चांगलं आपल्याला हातानं साठवावं लागतं.

जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींवर लिहायला लावलं. लिहिताना ती दुःखी झाली, पण पुढच्या काही महिन्यांत ती डॉक्टरकडे कमी वेळा गेली. तेव्हा तुलाही लिहून लगेच बरं वाटलं नाही तर घाबरू नकोस.

कसं लिहायचं, एवढं विचारशील. वर तारीख टाक. मी कशी आहे, यापेक्षा आज मी काय केलं, काय पाहिलं, काय जमलं नाही, ते लिही. कुणी लागेल असं बोललं तर त्याचं वाक्य जसंच्या तसं लिही आणि खाली तुझं उत्तर लिही, जे तोंडावर देता आलं नाही ते. भाषेची काळजी करू नकोस. सातवीपर्यंत तू हिंदीत शिकलीस, घरी आपण मराठी बोलतो, आणि नागपूरच्या मुली तुझ्या बोलण्याला हसतात हेही तुझ्या आईनं मला सांगितलं. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, भंडारा मराठी बाजूला गेला, बालाघाट हिंदी बाजूला राहिला. आपली बोली दोन्हीकडची आहे. ओठांवर आधी जे येईल ते लिही. लिपी एकच आहे.

एकच बंधन घालते: त्या वहीत "तरी" हा शब्द स्वतःसाठी वापरू नकोस. काळी आहे आणि हुशार आहे. काळी आहे आणि गणितात कच्ची आहे. चालेल.

मी मांडवातल्या त्या आजीबाईंकडे जाऊन आले. तुझ्याबद्दल जे बोलली होती ते मला लागलं, असं तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मलाही असंच म्हणायचे गं, लहानपणी."

वही दोनशे पानी आहे, बुधवारी तुझ्या बाबांबरोबर येईल. पहिलं पान कुणालाही दाखवू नकोस, मलासुद्धा नाही. फोटो मात्र पुन्हा एक पाठव, तीळ दिसेल असा. तुझ्या आजीनं मागितला आहे.

तुझी,
मावशी