सूट आणि छूट



मोबाईल खिशात असला की हल्ली बाजार आपल्या मागोमाग चालतो. राजवाड्याजवळून जावे तर फोन वाजतो आणि सांगतो की अमुक दुकान दोनशे मीटरवर आहे, कपड्यांवर वीस टक्के सूट आहे. आपण कुठे आहोत हे ओळखून जवळपासच्या सवलती दाखवणारी अशी ॲप्स आपल्या इंदूरच्या पुष्कळ घरांत पोचली आहेत. शाळेची खरेदीही त्यांवरून होते. त्यात गैर काही नाही. पण या सत्रात याच विषयावर शाळेला एक निर्णय घ्यावा लागला. तो कारणांसह आपणांसमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

अशाच एका ॲपचे प्रतिनिधी आम्हांस भेटले. शाळेने पालकांना ते ॲप घेण्याची सूचना द्यावी, प्रत्येक नोंदणीमागे कंपनी आपल्या कॉम्प्युटर लॅबसाठी काही रक्कम देईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. लॅबमधली निम्मी यंत्रे जुनी झाली आहेत हे आपण जाणताच. त्यामुळे आम्ही पुढे ऐकत राहिलो. मग ते म्हणाले, "सर, शाळा सुटायच्या वेळी फाटकाच्या आसपास जेवढे फोन असतील, त्यांवर खाऊच्या आणि स्टेशनरीच्या ऑफर पाठवता येतील." हे ऐकून आम्ही थबकलो. शाळा सुटताना फाटकाशी मुले असतात. म्हणजे ग्राहक कोण, हे उघड होते.

प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवण्याआधी आम्ही तो नववीच्या गणिताच्या तासाला नेला. मुलांना काम दिले ते एक डझन वह्यांचे. छापील किंमत ६० रुपये, म्हणजे एकूण ७२० रुपये. ॲपवरच्या एका मॉलमधील दुकानात २० टक्के सूट, म्हणून ५७६ रुपये. जाण्यायेण्याचे ऑटोचे १२० धरले तर ६९६. खजुरी बाजारात तीच वही ४५ रुपयांना मिळाली. बारा वह्यांचे ५४०, सिटी बसचे ४० मिळून ५८०. शाळेजवळच्या दुकानात ५० रुपयांप्रमाणे ६००, भाडे काही नाही. हे दुकान ॲपवर दिसतच नव्हते, कारण त्याची तेथे नोंदणी नव्हती. सूट छापील किमतीवर मोजतात आणि पुष्कळ दुकानदार मुळातच छापील किमतीपेक्षा कमी घेतात, हे मुलांनी स्वतः शोधून काढले. वीस टक्क्यांवर आणखी वीस टक्के म्हणजे चाळीस नव्हे, छत्तीस होतात, हेही त्यांना फळ्यावर न लिहिता समजले. ॲपने सांगितलेले अंतर सरळ रेषेत मोजलेले असू शकते. मध्ये रेल्वेलाइन किंवा कान्ह नदी आली की पुलाचा वळसा त्यात धरलेला नसतो.

ॲपची बाजूही सांगितली पाहिजे. खेळाच्या बुटांच्या खरेदीत एका पालकांचे त्यामुळे साडेचारशे रुपये वाचले. म्हणून ॲप वाईट असे आम्ही म्हणत नाही. हिशेब पूर्ण मांडावा, एवढेच म्हणतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात आईकडून आली. त्यामुळे 'सूट' वाचले की मनात 'छूट' उमटते. हिंदीत छूट म्हणजे सवलत, आणि 'छूट जाना' म्हणजे मागे राहून जाणे. या सवलतीत आपल्या हातून मागे काय राहते, हा प्रश्न आम्हांस त्या शब्दानेच सुचला.

मागे राहतो आपला ठावठिकाणा. आकाशातला उपग्रह आपल्याला पाहतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि स्थान सांगत राहतात. किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन आपण कुठे आहोत हे फोन स्वतःच मोजतो. सराफ्यासारख्या दाट वस्तीत तो वायफाय आणि मोबाईल टॉवरचीही मदत घेतो. उपग्रहाला आपण कोण हे ठाऊक नसते. ते पुढे पाठवते ॲप, आणि तेही आपण परवानगी दिल्यावर. २००९ साली अमेरिकेत फोरस्क्वेअर नावाचे ॲप आले. 'मी येथे आहे' असे कळवणाऱ्या ग्राहकाला काही दुकाने सवलत देत. त्या कंपनीने आपले शहर-मार्गदर्शक ॲप २०२४ च्या डिसेंबरात बंद केले. ठिकाणांच्या माहितीचा व्यवसाय मात्र चालू ठेवला. दुकानापेक्षा माहितीला किंमत जास्त, हे यावरून ध्यानात यावे.

मोठ्या माणसाने समजून-उमजून हा सौदा केला तर तो त्याचा प्रश्न. आठवीतली मुलगी रोज किती वाजता कोणत्या गल्लीतून क्लासला जाते, ही माहिती मात्र दहा रुपयांच्या सवलतीत देण्याची नाही. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती हवी, आणि त्यांचा माग ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, अशी त्यात तरतूद आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. पण कायद्याची वाट पाहून शाळेने फाटक उघडे ठेवावे, असे आम्हांस वाटले नाही.

विश्वस्त मंडळाच्या सभेत चर्चा झाली. 'पैसे येत होते, ते का सोडायचे?' असा प्रश्न आला आणि तो योग्यच होता. शेवटी प्रस्ताव नाकारला. लॅबसाठी यंदा सहा यंत्रे दुरुस्त करून घेण्याचे ठरले आहे. उरलेल्यांचा प्रश्न तसाच आहे, हे आम्ही लपवत नाही. शाळेजवळच्या दुकानदारांपैकी काही आपलेच पालक आहेत. पण निर्णय त्यांच्यासाठी घेतलेला नाही, मुलांसाठी घेतला आहे.

घरी आपण तीन गोष्टी कराव्यात, ही विनंती. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला ठिकाण कळते ते पाहावे. 'नेहमी' असेल तेथे 'ॲप वापरत असतानाच' असे करावे. नव्या फोनांत नेमके ठिकाण न देता अंदाजे ठिकाण देण्याची सोय आहे. जवळची दुकाने शोधायला बहुधा तेवढे पुरते. मुलांच्या हातातील फोनवर ही परवानगी बंदच ठेवावी. आणि सवलत दिसली की मुलांनाच कागद-पेन्सिल द्यावी व भाड्यासकट हिशेब मांडायला सांगावे.

येत्या पालकसभेनंतर आपले संगणक शिक्षक तासभर लॅबमध्ये थांबतील. ज्यांना सेटिंग जमत नसेल त्यांनी फोन घेऊन यावे. आजी-आजोबांनीही संकोच न करता यावे. नववीची मुले मदतीला असतील.