एक तांब्या वाळू

ताकद वाढवायची तर वजन वाढवत न्यावं लागतं, हे कुणीही सांगेल. ते एका वेळी किती वाढवायचं, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळी विद्या तिथंच आहे. कुठल्याही जिममधली डंबेलची रांग बघा: 5 किलो, मग साडेसात, मग 10. पाचावरून साडेसात म्हणजे एकदम दीडपट. आठवीतल्या चाळीस किलोच्या पोरानं ही उडी मारायची कशी? तो मारतोच, पण कंबर वाकडी करून, कोपर बाहेर टाकून, श्वास कोंडून. वजन वर जातं आणि त्याला वाटतं, आपण एक पायरी चढलो. खरं तर खांद्याचं काम पाठीनं ओढून नेलेलं असतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडं डंबेलची रांग नाही, वाळू आहे. लिटरभर कोरडी वाळू दीड किलोच्या थोडी वर भरते, म्हणजे घरातला पाणी प्यायचा तांब्या शिगोशीग भरला की साधारण दीड किलो. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की वजन वाढवणं हे धान्य मापून घालण्याइतकं सोपं होतं. वीस किलोची पिशवी मूल न डगमगता उचलायला लागलं की एक तांब्या वाढवायचा. तेवढ्याही वजनानं चाल बिघडली तर अर्धाच. अंगाला वाढ कळली पाहिजे, पण अंग वाकडं होता कामा नये.

पिशवी करायला ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब लागते. पंक्चरवाले ती आनंदानं देतात. तिचा दीड हात लांबीचा तुकडा कापायचा, एक तोंड दोनदा दुमडून सळ्या बांधायच्या तारेनं आवळायचं आणि तारेची टोकं आत वळवून वर चिंधी गुंडाळायची, नाहीतर छाती ओरबाडते. वाळू चाळून उन्हात खडखडीत वाळवावी. ओली वाळू भरली तर ती सुकेल तसं वजन उतरत जातं आणि आपली वही खोटी ठरते. वाळू मोकळी न ओतता जाड प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत तांब्या-तांब्यानं भरून त्यांची तोंडं बांधावीत. हवी तेवढी पुडकी ट्यूबमध्ये सरकवून दुसरं तोंडही तसंच आवळलं की काम झालं. एकच ट्यूब सकाळी सहावीच्या मुलीला दहा किलोची आणि संध्याकाळी कबड्डीतल्या पोराला तीस किलोची होते.

ट्यूब गच्च मात्र कधीच भरू नये. पाव भाग रिकामा राहिला की उचलताना पुडकी आतल्या आत घसरतात, वजन एका अंगाला कलतं. लोखंडी दांड्याचं वजन दोन्ही हातांना सारखं येतं. ही पिशवी तसं होऊ देत नाही. बोटं, मनगट, पोट, कंबर, सगळ्यांना एकदम कामाला लागावं लागतं. आमच्याकडची बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. खताची गोणी, उसाची मोळी, दुधाची किटली हीच त्यांची पुढची वजनं. त्यातल्या एकालाही मधोमध धरायला गुळगुळीत मूठ नसते. म्हणून पिशवी उचलायची रीत मी फार काटेकोरपणे शिकवतो: पिशवी दोन पायांच्या मध्ये, ढुंगण मागं, पाठ फळीसारखी, दोन्ही हात पिशवीच्या खाली, आधी छातीशी कवटाळायची आणि मगच उठायचं. पिशवी अंगापासून वीतभर जरी लांब राहिली तरी कंबरेवरचा ताण किती वाढतो, ते मुलांना स्वतःला करून बघायला लावतो. पण दहा किलोवर, तीसवर नाही.

त्याच्याही आधी शाळेतला बाक. जोर काढताना हात-पाय टेकलेल्या स्थितीत शरीराच्या वजनातला साधारण 64 टक्के भाग हातांवर येतो. हात दोन फूट उंच बाकावर ठेवले तर तो 40 टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि पाय बाकावर घेतले तर पाऊण हिस्सा हातांवर चढतो. म्हणजे पन्नास किलोच्या मुलाला एका बाकात वीस, बत्तीस आणि सदतीस किलोची तीन वजनं मिळाली. ज्याला एकही जोर येत नाही त्याला गुडघे टेकवायला सांगण्यापेक्षा मी बाकावर हात ठेवायला सांगतो. अंग टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ राहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागते. मग बाकाऐवजी पायरी, पायरीऐवजी दोन विटा, आणि शेवटी जमीन.

यातलं काहीही मी शोधून काढलेलं नाही. जोर, बैठका, सपाट्या, करेला, मुद्गल, दगडी गोटी, दगडी नाल ही सगळी तालमीची दौलत आहे, आणि तिच्यातली साधनं गावातल्या सुतारानं आणि पाथरवटानं घडवलेली आहेत. कोल्हापूरच्या तालमीत हौदा खणणं हासुद्धा व्यायामच. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती खोऱ्यानं खालवर करायला लागली की खांदे-पाठ भरून येतात, आणि पैलवान ते काम नोकरावर सोपवत नाहीत. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गादीची सवय नंतर झाली. अंग घडलं ते मातीत.

साताऱ्याजवळच्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा रस्ता मला आणखी विचार करायला लावतो. त्या काळी जगभर नावाजलेल्या सँडो या व्यायामपटूच्या पद्धतीनं त्यांनी आधी व्यायाम केला. साधनं विकत घेण्याची ऐपत त्यांच्याइतकी कुणाची होती? तरीही ते शेवटी सूर्यनमस्काराकडं वळले, संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी तो रुजवला आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. मी सूर्यनमस्काराला पुरेसं मानत नाही. त्यात ओढण्याचं काम जवळजवळ नाही, आणि ओढण्याशिवाय पाठ घडत नाही, त्यासाठी झाडाच्या फांदीला दोर बांधावाच लागतो. पण ज्या व्यायामाला फक्त अंगाएवढी जागा लागते तो प्रत्येक मुलापर्यंत पोचतो, हे राजेसाहेबांनी ओळखलं होतं, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून काढलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोशही प्रत्येक क्रीडाशिक्षकानं एकदा तरी चाळावा.

माझं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे गदा. ती करायची म्हणजे गवंड्याची मदत लागते. दांड्याला मी कोकणातला माणगा वापरतो. बहुतेक बांबू पोकळ असतात, माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळं पिळला तरी लवकर चिरत नाही. पण कुठलाही बांबू ओल्या सिमेंटमधलं पाणी पितो, फुगतो आणि पुढं वाळला की आकसतो, मग गोळा दांड्यावर खुळखुळायला लागतो. फिरवताना असा गोळा सुटला तर समोरच्याचं डोकं फुटेल. म्हणून जेवढा दांडा गोळ्यात जाणार तेवढ्याला आधी गरम डांबर फासायचं, त्यावर जाडी वाळू भुरभुरायची आणि आरपार भोकं पाडून दोन छोट्या सळ्या एकमेकींना आडव्या घालायच्या. साचा म्हणून मडकं किंवा जुना फुटबॉल. गवंडी पहिल्यांदा आला तेव्हा माझी मोठी खडी बघून म्हणाला, “सर, खडी बारीक घ्या, न्हायतर गोळ्याला भोकं ऱ्हात्यात.” तेव्हापासून चण्याएवढी खडी. माल भरताना साचा बाहेरून हलक्या हातानं थोपटत राहायचं, म्हणजे हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी साचा सोडवून गोळ्यावर ओलं पोतं गुंडाळायचं आणि दहा-पंधरा दिवस पाणी मारत राहायचं. काँक्रीटला पुरता दम यायला 28 दिवस लागतात, त्याआधी ती गदा कुणाच्याही हातात जात नाही.

गोळ्याच्या आकाराचा हिशेब मुलांना फार आवडतो, गणिताच्या बाईंनी तर तो वर्गात घेतला. 16 सेंटिमीटर व्यासाचा गोळा साधारण 5 किलोचा होतो. 20 सेंटिमीटरचा साडेनऊ-दहाचा. व्यास पाव पटीनं वाढला आणि वजन जवळजवळ दुप्पट! फुटबॉलच्या साच्यातला गोळा 13 किलोपर्यंत जातो, तो मोठ्या पोरांनाही लवकर झेपत नाही. पण गदेची खरी गंमत वजनात नसून लांबीत आहे. पाच किलोचा गोळा मुठीपासून 90 सेंटिमीटरवर असला तर मनगटावर जो पीळ पडतो, तोच दहा किलोचा गोळा 45 सेंटिमीटरवर असताना पडतो. म्हणजे नवीन गदा न बनवताही मूठ वीतभर वर-खाली सरकवून व्यायाम हलका-जड करता येतो. मी दांड्यावर रंगाचे पट्टे मारून ठेवलेत. सहावीची मुलगी वरच्या पट्ट्यावर धरते, दहावीतला मुलगा अगदी टोकाशी. गदा खांद्यावरून पाठीमागं सोडायची, तिला तिच्या वजनानं झोका घेऊ द्यायचा आणि दुसऱ्या खांद्यावरून पुढं आणायची. ज्याचा खांदा आखडलेला आहे त्याच्या दंडाला ती ताबडतोब खेटते. समोर आणि मागं दोन माणसांएवढी जागा मोकळी हवी, आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी गोळा हलवून बघायचा. या दोन बाबतींत मी कुणाचंही ऐकत नाही.

आतापर्यंत बोललो ते बळाबद्दल. खेळाला बळाबरोबर वेग लागतो. खो-खोत बसलेल्या मुलीला खो मिळाल्यावर उठून पहिलं पाऊल टाकायला जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात तिचं बळ बाहेर पडलं तर उपयोग. जड पिशवी सावकाश उचलणारी मुलगी तिथं मागं पडू शकते. अशी स्फोटक ताकद वेगळी घडवावी लागते आणि तिचे नियम जवळजवळ उलटे आहेत: वजन निम्मं, चाल जमेल तितकी झपाट्याची, एका वेळी तीन-चारच, आणि मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. वेग कमी झाला की थांबायचं. मुलांना हे सगळ्यात अवघड जातं. घाम आला नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, असं घरापासून ऐकलेलं असतं. मी त्यांना समजावतो की इथं आपण मेंदूला शिकवतोय: पायातल्या जास्तीत जास्त तंतूंना एकाच क्षणी हुकूम द्यायला. नव्या मुलाची पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी याच शिकण्याची असते, स्नायू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो. थकलेला मेंदू चुकीचंच शिकतो, म्हणून थकण्याआधी थांबायचं.

त्यासाठी दोन साधनं. एक, फेकायचा चेंडू. फाटका बास्केटबॉल घ्यायचा, व्हॉल्व्हजवळ दोन बोटं रुंद चीर द्यायची, नरसाळ्यानं वाळू आणि सुतारकामाचा भुसा मिसळून भरायचा. नुसती वाळू भरली तर तो दहा किलोच्या वर जातो आणि फेकण्याऐवजी ढकलला जातो. भुसा वाढवून तो तीन किलोवर आणायचा, चिरेवर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावायचं. हा चेंडू उसळत नाही, त्यामुळं भिंतीवर मारला तरी दात पडत नाहीत. दुसरं, टायर. जीपचा जुना टायर, त्याला दोर, दोर कंबरेच्या पट्ट्याला. पंधरा-वीस पावलं धाव. टायरमध्ये दगड टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. पण धावणारी मुलगी पुढं वाकून रखडायला लागली की ती धाव राहिली नाही. दगड काढून टाकायचा.

पालक खुराकाचं विचारतात, पावडरच्या डब्यांची नावं घेऊन येतात. दूध, अंडी, हरभरे, शेंगदाणे, मटकी पोटभर खा आणि नऊला झोपा, एवढंच मी सांगतो.

हल्ली मुलांच्या आया आणि आज्याही व्यायामाला येतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. वय वाढेल तसं बळापेक्षाही वेग लवकर कमी होतो. ठेच लागल्यावर तोल सावरायला पाय झटकन पुढं पडावा लागतो, तो पडत नाही. त्यांच्यासाठी मी गुडघ्याएवढ्या उंच कट्ट्यापासून सुरुवात करतो: बसताना चार आकडे मोजत सावकाश, उठताना एका दमात. आधी हात मांडीवर टेकून, मग हात छातीशी, मग वाळूचं एक पुडकं कवटाळून. कट्टा फार सोपा वाटायला लागला की त्याहून बुटका पाट. गुडघा दुखत असेल तर उंची वाढवायची, व्यायाम सोडायचा नाही, आणि दुखणं आठवडाभर तसंच राहिलं तर आधी डॉक्टर. मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर. पुडकी मी भरून ठेवलेली असतात, प्रत्येकावर नाव आणि वजन लिहून.